ओल्या रुमालाचे शांतवनभाऊ

गिऱ्हाइकानं कापडाला हात लावला, की शांतवनभाऊ खिशातून ओला रुमाल काढायचे. ताक्याचं एक टोक ओढून त्यावर तो खसाखसा घासायचे आणि गिऱ्हाइकाच्या नाकासमोर धरायचे. "पाहा बाई, सोडते रंग. घ्याचं असन तर घ्या, पन न्हान्या पोराच्या कपड्यासंगं धुवू नका."

रिसोडच्या ज्या कापडदुकानात आम्ही दोघं नोकर होतो, तिथे हा प्रकार दिवसातून वीसदा चाले. टेरिकॉटच्या न सुरकुतणाऱ्या कृत्रिम कापडाचं वेड नुकतंच गावात शिरलं होतं, ते सत्तरच्या दशकातले दिवस. दुकान एका जैन शेठजींचं. गादीवर बसलेल्या शेठजींच्या हातातली जपमाळ रुमाल दिसताच थांबायची. "शांतवन, तू माल विकून राह्यला का मालाचा पंचनामा करून राह्यला?"

"मालक पाहून राह्यला ना, शेठजी."

"अरे, मालक मी हाय! मी तर इकडे पाहूनच नाई राह्यलो!"

"तुमी हायच. मी वरच्याचं म्हनतो."

शांतवनभाऊ ख्रिस्ती. त्यांच्या हिशेबानं दुकान शेठजींचं असलं तरी चाकरी येशूची होती आणि गादीसमोर बसलेलं प्रत्येक गिऱ्हाईक म्हणजे साक्षात तोच. म्हणून मीटर लावून झाला की ते पुढे चार बोटं जास्त सोडून मगच कात्री लावत. एकदा भर उन्हाळ्यात एका शिक्षकानं टेरिकॉटचा शर्टपीस मागितला, तर भाऊ गंभीरपणे म्हणाले, "येशूले मी हे नसतं देल्लं, मास्तर. घामोळ्या येतात." मास्तर मुकाट्यानं सुती घेऊन गेले.

एकदा एका बाईनं खणाचा तुकडा पदराखाली सरकवला. मी पाहिलं, भाऊंनीही पाहिलं. मी ओरडणार तोच त्यांनी माझं मनगट धरलं. बाई पायरी उतरली, तसे भाऊ मापाचं अस्तर फाडून तिच्यामागे धावले. "बाई, थांबा! अस्तर राह्यलं तुमचं! अस्तराबिगर काच्ते ते!" पाच मिनिटांनी बाई परत आली ती शिव्या देतच. खण आणि अस्तर दोन्ही गादीवर आपटून म्हणाली, "मले कायले लाजवता हो चार लोकात?" भाऊ बिचारे खरंच गोंधळले होते. त्यांना वाटलं, अस्तराचा रंग पसंत पडला नाही.

अशा माणसाला शेठजींनी इतकी वर्षं ठेवलं हेच नवल. पण माणूस वेळेचा पक्का, चोख आणि आजारपणातही न चुकणारा. सोन्यासारखा माणूस, फक्त दुकानात नको, असं शेठजी म्हणत. आणि एके दिवशी ते खरं करायची पाळी आली.

डिसेंबर सुरू होता आणि लग्नाची तीथ जवळ. जऊळक्याकडच्या एका पाटलांचा बस्ता आला, म्हणजे सगळ्या लग्नाचं कापड एकाच दुकानातून बांधून न्यायला दोन्हीकडची मंडळी आली. तीस-पस्तीस माणसं, तीन वेळा चहा. शेठजी स्वतः उठून शालू उलगडत होते. लालभडक कुंकवी शालू नवरीच्या खांद्यावर ठेवला. सगळ्या बाया "बाई, बाई" करून राहिल्या आणि तेवढ्यात भाऊंचा हात खिशात गेला. मी डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा रुमाल लाल झाला होता. भाऊ नवरीला समजावत होते, "पोरी, हे पानी लागू देऊ नको बरं." त्यांच्या मते ती काळजी होती. पण नवरदेवाची आजी उठून उभी राहिली. "लग्नाच्या आंधी पोरीचं कुकू पुसून दाखवते हा मानूस! चला, उठा!" आणि पस्तीस माणसं आपापल्या चपला शोधू लागली. बस्ता समोरच्या दुकानात गेला.

शेठजी ओरडले नाहीत, म्हणूनच मला भीती वाटली. हळूच म्हणाले, "उद्यापासून येऊ नको, शांतवन."

दुसऱ्या दिवशी भाऊ आले. आत नाही, बाहेर ओट्यावर बसले. ओळखीची गिऱ्हाइकं थांबली की सांगत, "आत जा, चांगलं दुकान हाय." मी विचारलं, "भाऊ, काहून बसता इथं?" तर म्हणाले, "छोट्या मालकानं काढलं. मोठा अजून काही बोलला नाई." असं आठवडाभर चाललं. शेठजी येता-जाता मान वळवून घेत.

नाताळाच्या आदल्या दिवशी भाऊ पायरीवर येऊन दरवर्षीसारखंच म्हणाले, "शेठजी, उद्या सन हाय. जेवाले या, चार वाजता. " मग माझ्याकडे वळून, "तूबी ये, गा." शेठजी दरवर्षीसारखंच "पाहू" म्हणाले. भाऊंच्या घरी काय शिजत असेल या धास्तीनं आमच्यातलं कुणीच कधी गेलं नव्हतं. आणि चार वाजता कोण जेवतं? आम्ही त्याचीही टिंगल करायचो. त्या वर्षी मात्र मला लाज वाटली आणि मी गेलो.

दोन खोल्यांचं घर, शेणानं सारवलेलं. तीन ताटं मांडली होती. नव्या घागरीच्या तोंडाला पांढरं मलमल बांधलेलं. वरण, पुऱ्या, दोडक्याची भाजी, गव्हाची खीर. मी सवयीनं कांदा मागितला.

"घरातच नाई आनला," भाऊ म्हणाले. "कांदा, लसून, आलू, काईच नाई. पानी गाळलेलं हाय. शेठजीले दिवस बुडाच्या आंधी जेवा लागते ना, म्हनून चारचा टाइम."

मी विचारलं, "कधीपासून करता हे?"

"बारा वर्सं झाले. माही घरवाली राहेल जिती होती तवा तिनंच सुरू केलं. पाव्हन्याले चालन तेच रांधाचं म्हने. ती जाऊन आठ वर्सं झाले, तवापासून मी रांधतो. दिवस बुडला की शेठजीचं ताट शेजारी देऊन देतो."

"पन हे शेठजीले कधी सांगितलं का नाई?"

"सांगाचं काय त्याच्यात? जेवाले तर बोलावलं होतं."

मी हातातला घास ताटात ठेवला. तसाच उठलो, सायकल मारत दुकानात गेलो आणि गादीसमोर उभा राहून सगळं एका दमात सांगून टाकलं. शेठजी ऐकत होते. मग त्यांनी जपमाळ खिशात टाकली, टोपी घातली आणि दारात येऊन सूर्याकडे पाहिलं. "बसवतो का मले सायकलवर?"

भाऊंच्या दारात शेठजी उतरले, हातपाय धुतले आणि पाटावर बसले. भाऊंना काय करावं सुचेना. एकावर एक पुऱ्या वाढत सुटले. शेठजी खाली मान घालून जेवत होते. शेवटी भाऊंनीच विचारलं, "भाजी कशी झाली, शेठजी?"

"खारट झाली," शेठजी म्हणाले. "वाढ अजून. अन् उद्या टायमावर ये."

भाऊ हसायला गेले आणि रडूच कोसळलं. आठ वर्षांत त्या घरात त्यांच्या रांधण्याला नाव ठेवणारं कुणी बसलंच नव्हतं.