मंजुळा हाय तवर

दशरथ आप्पांच्या तोंडात जेमतेम चार-पाच दात उरले होते, आणि तेही एकमेकांच्या शेजारी नव्हते. पण सकाळी त्यांच्या वस्तीवर गेलं की आप्पा ओट्यावर बसलेले दिसायचे. मांडीवर कुत्रीचं डोकं, बोटाला ओलं फडकं गुंडाळलेलं, आणि ते बोट कुत्रीच्या दाढांवरून सावकाश फिरत असायचं. कुत्रीचं नाव मंजुळा. आवाज मात्र नावाच्या अगदी उलट. ती भुंकली की शेजारच्या उसातली पाखरं उडायची.

"आप्पा, आधी स्वतःचे दात घासा की," मी एकदा म्हणालो.

"माझं व्हायचं ते झालं, सर. हिचे टिकले पायजेत. दात गेलं की खाणं गेलं, आन् खाणं गेलं की जनावर गेलं."

पिंपळवंडीच्या शिवारात आमची आणि त्यांची वस्ती एका बांधाला लागून. आमचे आजोबा मेंढरं राखायचे. वडील लोकांच्या द्राक्षबागांत छाटणीला जायचे, बहुतेक वेळा आप्पांच्याच. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. मी बी.ए. झालो तेव्हा वडिलांना काय करावं ते सुचेना. आप्पांनी मात्र एस.टी. स्टँडजवळ माझ्या फोटोचा भलामोठा फ्लेक्स लावला. त्या दिवशी माझी आई स्टँडवर उगाचच तीनदा चक्कर मारून आली. त्याचं ऋण मी विसरणार नाही. पुढच्या वर्षी त्याच जागेवर आप्पांनी मंजुळेच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लावला. शुभेच्छुकांमध्ये पहिला फोटो माझा आणि नावापुढे ठळक 'बी.ए.'. आज मी हायस्कूलला मराठी शिकवतो, पण काही पालक मला अजून 'कुत्रीच्या बोर्डावरचे सर' म्हणूनच ओळखतात.

आप्पांचं सगळं शास्त्र द्राक्षबागेतून आलेलं. बागेवर रोग दिसल्यावर औषध मारून उपयोग नसतो, तो यायच्या आधी मारावं लागतं, हे ते तरुणपणी एक आख्खा बहर घालवून शिकले होते. तेव्हापासून एकच मंत्र: "आदी फवारणी, न्हाई तर मागनं रडगाणी." हा मंत्र त्यांनी मंजुळेला लावला. रेबीजची लस वेळच्या वेळी. जंताचं औषध वेळच्या वेळी. दुपारी बाजेवर तिला आडवी पाडून कानामागे, बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधायची. टोमॅटो तोलायच्या काट्यावर तिचं वजन करायचं, आणि वाढलं असेल तर भाकरीचा चतकोर कमी. कुणाच्या दहाव्याला, लग्नाला ती उष्ट्या पत्रावळींकडे निघाली की आप्पा पंगतीतून उठून तिच्या मागे धावायचे. "मंजुळे, त्याच्यात तेल हाय गं!"

तिचं पिल्लं न होण्याचं ऑपरेशन केलं तेव्हा तर दूध डेअरीवर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. "आप्पा, सरकारनं माणसांचं थांबवलं आन् तुमी कुत्र्यांचं धरलं व्हय?" आप्पा शांतपणे किटली पुढे करत. "तिला गाठी व्हऊ नयेत म्हणून केलं. तुमच्या डोक्यात गाठ झालीया, तिला विलाज न्हाई."

हे सगळं कुठल्याही गावात वेडेपणाचं ठरलं असतं. आमच्याकडे तर जास्तच. आमच्या जुन्नर-आंबेगावकडे ऊस आहे, उसात बिबट्या आहे, आणि वस्तीवरचं कुत्रं हा बिबट्याचा घास आहे. कुत्रं म्हातारं होऊन मरतं ही गोष्ट आमच्याकडे कुणी पाहिलेलीच नाही. आमचे वडील म्हणायचे, "कुत्र्याला नाव ठिवू नये, जीव लागतो."

आप्पांनी त्यावरही आधीच फवारणी केली होती. बागेचे जुने लोखंडी अँगल जोडून त्यांनी ओट्याला लागून मंजुळेसाठी पिंजरा बनवला. दिवस मावळायच्या आत ती आत. पिंजरा इतका ऐसपैस, की आप्पाही त्यात बसून तिचं अंग विंचरत. एकदा आळे गावाकडचे एक पाहुणे वाट चुकून तिथे आले. पिंजऱ्यात एक कुत्री आणि एक म्हातारा बघून ते बांधावरच थबकले. मला हळूच विचारतात, "राव, वनखातं बिबट्यासाठी पिंजऱ्यात बोकड लावतं ते ठाव हाय. आता माणसं बी लावाय लागलं का?"

आतून आप्पा ओरडले, "या की पावणं, अजून एकाची जागा हाय!"

आता खरी गोष्ट सांगतो. आप्पांचा मुलगा संतोष पुण्याजवळ मोशीला कंपनीत नोकरीला. त्याला मुलगा झाला तेव्हा त्याची आई, शांताकाकू, बाळंतपणासाठी म्हणून गेल्या. नातू रांगेपर्यंत, मग चालेपर्यंत, मग शाळेत जाईपर्यंत असं करत त्या तिकडच्याच झाल्या. गावच्या जत्रेला तेवढ्या यायच्या, आल्या आल्या घर झाडायच्या आणि जाताना रडायच्या. संतोषचं म्हणणं, आप्पांनीही यावं. बिबट्याच्या रानात एकट्या माणसाने राहू नये. त्याचं चूक नव्हतं. पण आप्पांचा जीव मातीत. ते म्हणाले, "मंजुळेला कोण बघंल? तुज्या पाचव्या मजल्यावर कुत्री चालत न्हाई. ती हाय तवर मी हाय. ती गेली की त्याच दिशी येतो. शब्द हाय."

संतोषने आनंदाने कबूल केलं. वस्तीवरचं कुत्रं टिकून टिकून किती टिकणार? वर्ष, दोन वर्षं.

मंजुळा टिकत गेली. आमच्याकडची कुत्री येत होती, जात होती. आमची तर किती गेली ते आठवत नाही. मंजुळा मात्र पिंजऱ्यातून सकाळी आळस देत बाहेर यायची आणि दात घासून घ्यायला ओट्यावर जाऊन बसायची. संतोषचा फोन आला की आधी "आप्पा, तब्येत कशी आहे?" आणि लगेच मागून, "आणि मंजुळा?" उत्तर ऐकून तो फोन ठेवायचा. डेअरीवर लोक म्हणायचे, "आप्पा, कुत्री न्हाई ती. तुमचा सातबारा हाय. तिला मरू देऊ नका, न्हाई तर जाल पाचव्या मजल्यावर." आप्पा हसून म्हणायचे, "आसंल तसं."

आम्हा सगळ्यांना ते तसंच वाटायचं. मलाही.

गावात एकदा तपासणीचं शिबिर भरलं, रक्तदाब, साखर वगैरे. मी आप्पांना न्यायला गेलो. कुत्रीला इतकं जपता, मग स्वतःची एक तपासणी करायला काय हरकत आहे? आप्पा मंजुळेच्या पोटावर हात फिरवत होते. म्हणाले, "तिला मी पाळलंय, सर. मला कोण पाळतंय?"

मी हसलो. ते हसले नाहीत. मी एकटाच शिबिराला गेलो.

मग मंजुळा म्हातारी झाली.

सुरुवातीला ती नुसती मंदावली. भाकरी टाकली तर उशिरा उठायची. आप्पांना द्राक्षाचं एकच शास्त्र ठाऊक: वेल थकली की उन्हाळ्यात खरड छाटणी करायची. सगळी जुनी काडी उडवून वेल बोडकी करायची, मग ती नव्याने फुटते. एका सकाळी मी गेलो तर आप्पांनी कात्रीने मंजुळेचे सगळे केस शेपटीपर्यंत उतरवलेले. कुत्री सोललेल्या काकडीसारखी दिसत होती.

"आप्पा, हे काय?"

"खरड. आता बघा कशी फुटती."

ते केस परत आले, पण पांढरे, विरळ, कुठेकुठे. त्याआधी चैत्राच्या उन्हाने तिची कातडी भाजली. आप्पांनी बागेचं हिरवं शेडनेट काढून पिंजऱ्यावर टाकलं, स्वतःचा जुना सदरा तिला घातला आणि कॉलरचं बटन लावलं. सदऱ्यातली कुत्री बघायला लोक येऊ लागले. पण केसांच्या खाली एवढे दिवस जे झाकलेलं होतं, ते आता सगळ्यांना दिसत होतं. बरगड्या, गाठी, पाठीचा वाकलेला कणा. लोक हसायला आलेले असायचे आणि न हसताच परत जायचे.

पुढे काय करायचं हे आमच्यात कुणालाच माहीत नव्हतं. म्हातारं कुत्रं कुणी पाहिलं होतं? तिचे डोळे दुधासारखे झाले. कान गेले, नाक गेलं. ती पिंजऱ्याच्या कोपऱ्यात गजांना नाक लावून उभी राहायची. मागे फिरायचं असतं हेच विसरलेली. आप्पा हळूच तिला वळवायचे. ती पुन्हा दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन अडकायची. आणि आप्पा जवळ आले की भुंकायची. इतक्या वर्षांत आप्पांवर कधी न भुंकलेली कुत्री, त्यांनाच चोर समजून भुंकायची. आप्पा तांब्या घेऊन अंगणाबाहेर थांबायचे, तिचं भुंकून होईपर्यंत. "राखतीया बगा अजून," मला म्हणायचे, पण माझ्याकडे न बघता.

नारायणगावच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाई तिच्या लशींसाठी सुरुवातीपासून येत. त्यांनी तिला तपासलं आणि त्या म्हणाल्या, "आप्पा, सांभाळावं तर तुमच्यासारखं. पण आता हिला दुखतंय. फक्त दुखतंय. एक इंजेक्शन असतं. झोपेतच जाईल."

लस टोचायची तारीख कधी न चुकवणारे आप्पा म्हणाले, "एखादं टॉनिक द्या ना. शक्तीचं."

"आप्पा—"

"पावसाळा झाल्यावर बघू."

पावसाळ्यानंतर म्हणाले, छाटणी होऊ द्या. छाटणीनंतर, थंडी जाऊ द्या. डॉक्टरीणबाई टॉनिकची बाटली ठेवून जायच्या. डेअरीवर आता कुणी थट्टा करत नव्हतं, पण कुजबूज होती. म्हातारा जागेपायी मुक्या जनावराचे हाल करतोय. मला राग यायचा, आणि मलाही तेच वाटायचं.

थंडी अजून होती तेव्हा एका सकाळी आप्पांनी मला हाक मारली. डॉक्टरीणबाईंची गाडी अंगणात उभी होती. कुणी बोलावलं म्हणून मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी आप्पांकडे बोट केलं.

मंजुळा पोत्यावर पडून होती. आप्पा जवळ बसले तशी ती गुरगुरली. बाईंनी विचारलं, "कोण धरणार?" मी पुढे झालो. आप्पांनी मला मागे सारलं आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं. ती गुरगुरतच राहिली, आणि मग गुरगुरणं हळूहळू विरत गेलं. त्याच्यापुढे काहीच झालं नाही. बाईंनी नळी कानातून काढली आणि त्या गाडीकडे गेल्या.

आम्ही दोघांनी तिला बागेच्या कडेला पुरलं. माती ओढताना मी न राहवून म्हणालो, "आप्पा, आता संतोष..."

"ठाव हाय." त्यांनी फावडं टेकवलं. "परवा तिच्या अंगावर हात ठिवला, तर तिनं अंग चोरलं. मार बसणार आसल्यागत. उभ्या जल्मात मी तिला चापट मारली न्हाई, सर. मग मी म्हणलं, माझ्यासाठी हिला किती जगवायचं? मला घर पायजेल म्हणून?"

बी.ए. झालेल्या माणसाला अशा वेळी बोलता यायला हवं असं आप्पांना नेहमी वाटायचं. मी फक्त माती ओढली.

अंगणात आल्यावर त्यांनी हात धुतले आणि फोन माझ्या हातात दिला. "पोराला लावा. मला जमायचं न्हाई."

संतोषने फोन उचलला. मी मंजुळा गेल्याचं सांगितलं. तिकडे मागून शांताकाकूंचं "काय झालं रं?" मग संतोष म्हणाला, "अरेरे. आप्पा ठीक आहेत ना? घाई नाही म्हणावं. चार दिवस जाऊ देत. रविवारी येतो गाडी घेऊन."

मी फोनवर हात ठेवून आप्पांना सांगितलं. ते पिंजऱ्याचं दार बंद करत होते. कडी लागेना, गंज धरला होता. ती तशीच सोडून ते बाजेवर येऊन बसले, घराकडे पाठ करून.

"रविवार नगं म्हणाव," ते म्हणाले. "आजच ये म्हणाव. रविवारपतुर मी दुसरं पिल्लू घिऊन यीन."