जुळ्या रॅमचा कट

आपल्यासारखा शोधक शंभर वर्षांतून एकदाच जन्माला येतो, असं मामा स्वतःच सांगायचे. उरलेली नव्व्याण्णव वर्षं लोकांना सुखाची जात असणार, असं त्यांच्या भाचीचं स्पष्ट मत होतं. मामांनी तिचं नाव मिरची ठेवलं होतं आणि तिला मदतनीस नेमलं होतं. पोटापाण्यासाठी ते विमा कचेरीत कारकुनी करत; पण मेंदू, म्हणे, गुन्ह्यांसाठी राखून ठेवलेला.

आज गुन्हा घरातच घडला होता. मिरचीने एकेक भाग पारखून, वाचून, दुकानदाराचं डोकं खाऊन स्वतःचा कॉम्प्युटर जुळवला होता. शाळेच्या स्पर्धेसाठीची कार्टून फिल्म त्यावर एक्सपोर्टला लावली, की यंत्र थोडा वेळ गुरगुरायचं आणि ठप्प.

आईने निकाल देऊन टाकला होता. "संध्याकाळपर्यंत चालला नाही, तर सगळं दुकानात परत. मग तयार कॉम्प्युटर आणू, तोही हॉलमध्ये. सगळ्यांसाठी."

सगळ्यांसाठी म्हणजे मिरची सोडून सगळ्यांसाठी, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि फिल्म? ती गेलीच.

"काळजी नको," मामा गुडघ्यावर बसत म्हणाले. "काचेचं कॅबिनेट कोणी निवडलं?"

"मी."

"हं! आत लपवण्यासारखं काही नाही असं जो दाखवतो, तोच लपवतो. बरं, पैसे देताना दुकानदार हसला होता. वस्तू विकल्यावर दुकानदार का हसतो?"

"वस्तू विकली गेली म्हणून, मामा."

मामांनी तिची कीव केली आणि रॅमच्या दोन पट्ट्यांकडे बोट दाखवलं. "जुळे! जुळे आले की त्यातला एक तोतया असतो."

एक पट्टी काढली. यंत्र बंद पडलं.

"मग दुसरा तोतया."

अदलाबदल केली. पुन्हा बंद.

"दोघंही सामील आहेत," मामा गंभीरपणे म्हणाले.

पुढे पॉवर सप्लायवर बालंट आलं. गरजेपेक्षा जास्त वीज पुरवू शकणारा म्हणजे मनात काहीतरी काळंबेरं असणारच. ग्राफिक्स कार्ड तर अंगाने पैलवान असून तोंडातून चकार शब्द काढेना, म्हणून संशयित.

मिरचीने स्क्रीनवरचा आकडा दाखवला. "प्रोसेसर भयंकर तापतोय. त्याला थंड ठेवणारा कूलर उघडून बघू या?"

"कूलर मी स्वतः बसवलाय," मामा ताठ झाले. "तो संशयातीत आहे. तापणारा प्रोसेसर म्हणजे बनावट प्रोसेसर! ताई, पोरीची निवडच चुकली."

"मिरचे, खोकी काढ," आई म्हणाली.

मिरचीने एक खोकं ओढून जमिनीवर आपटलं. महिनोन्महिने घासलेली अक्कल या माणसाने एका वाक्यात भंगारात काढली होती!

तेवढ्यात मामी नवऱ्याला घेऊन जायला आल्या. रिकामी खोकी, सुटे स्क्रू, भाचीचा चेहरा, सगळ्यावरून त्यांनी एक नजर फिरवली.

"ह्यात ह्यांनी काय बसवलं?"

"कूलर."

"मग त्याचं प्लास्टिक बघ."

"कसलं प्लास्टिक, मामी?"

"मला काय कळतंय त्यातलं! पण हे घरात कशाचंच प्लास्टिक काढू देत नाहीत. लग्नापासून सोफ्यावर बसले की चुरचुर आवाज येतो. फ्रिज अजून पाकिटात आहे."

मिरचीने यंत्र बंद करून कूलर उचकटला. प्रोसेसरला टेकणाऱ्या धातूवर प्लास्टिकचा पारदर्शक कागद उष्णता अडवत तसाच चिकटलेला, आणि त्यावर ठळक लाल अक्षरांत: बसवण्यापूर्वी काढा.

"ओरखडे पडले असते," मामा पुटपुटले.

कागद सोलला. उष्णता वाहून नेणारी उरलेली पेस्ट लावून कूलर बसवला, जुळे शेजारी शेजारी परतले, फिल्म एक्सपोर्टला लागली. यंत्र गुरगुरलं, चाललं, चालतच राहिलं. फिल्म पूर्ण झाली तेव्हा मिरचीने अशी आरोळी ठोकली, की मामी दचकून खुर्चीतून उठल्या.

मामांनी शर्ट नीट केला. "शेवटी सापडलाच ना गुन्हेगार?"

"मामा, तो तुम्हीच आत बसवला होता!"

"म्हणूनच तर! त्याला माझ्याइतकं जवळून पाहिलंय कोणी?"

आईने खोकी पुन्हा माळ्यावर टाकली.

"एकच वस्तू परत जाईल," ती म्हणाली. "भाऊराया, तुझ्या चपला कुठायत?"