उलट्या लवेच्या मखमलीची हकीकत

श्रीस्मरण करून, जैसे कानी आले तैसे लिहिले. शके अठराशे सात, पार्थिवनाम संवत्सरी, उत्तरेकडील धुक्याच्या एका राज्यात ऑसवाल्डसाहेब नामे चित्रकार थोर नामांकित जाहले, आणि त्यांनी नवे घर बांधिले, आणि दिवाणखान्याच्या भिंतींस मखमल लावावी ऐसे मनी आणिले, मग हेस्टरबाई नामे तरुण नक्षीकार बोलाविल्या. बाईंनी मोरपंखी निळ्यावर डाळिंबे योजून बारा पट्टे विणविले आणि हुकूम केला की, मखमलीची लव वरच्या अंगास वळलेली असावी, म्हणजे रंग गहिरा दिसेल. प्रत्येक पट्ट्यामागे खडूने दिशेचा बाण स्वहस्ते काढिला. त्यांत एक बाण उलटा पडला, आणि डाळिंबे वरूनखालून सारखीच असल्याने पट्टा ठोकून होईतो कोणास उमगले नाही. मग अकरा पट्टे गहिरे आणि कोपऱ्यातला एक फिका. बाई रडकुंडीस आल्या. साहेब हसून बोलिले, "अकरांनी हुकूम मानिला, एकाने बंड केले. राहू द्या बंडखोराला. बाणाची गोष्ट तुमच्या-माझ्यात."

पुढे साहेब निजधामास गेले, चाळीस वर्षे लोटली, आणि घर रयतेस पाहावयास खुले करण्याचे ठरले. नव्या कारभाऱ्यांनी वृद्ध हेस्टरबाईंस आणवून विचारिले, "बाई, तुमच्या मंद, मातकट रंगांची केवढी कीर्ति! त्यांत हा एक भडक पट्टा कोणी डकवला? काढून टाकतो." बाई पाहतात तो अकरा पट्ट्यांच्या वर वळलेल्या लवेत चाळीस वर्षांची धूळ नि काजळी रुतून बसली होती, आणि उलट्या लवेवरून ती खाली घसरून गेली होती. बाईंनी योजिलेला निळा त्या एकातच उरला होता. बाई बोलिल्या, "डकवला नाही. बाण मीच उलटा काढिला. खरा रंग हाच. तुम्ही वाखाणता तो मंद रंग माझा नव्हे, धुळीचा."

"अहो बाई, तुमच्या मंद रंगाची कीर्ति सांगणारी दारावरची पाटी रंगवून तयार आहे! त्या रंगाकरिताच लोक यायचे!"

"मग पाटी पुसा."

पाटी पुसली गेली, पट्टा जागीच राहिला, आणि बाई दर गुरुवारी येऊन त्यापुढे खुर्ची घेऊन बसू लागल्या. कारभारी वरमून बोलिले, "तर मग बाकीचे अकरा झाडून घेऊ का?"

"नको," बाई बोलिल्या. "त्यांत साहेबांच्या चिरुटाचाही धूर आहे."

ऐसी मखमलीची हकीकत. एक पट्टा निळा राहिला, अकरा मळकेच राहिले, बाईंचे नाव थोडे उणे जाहले, आणि बाई समाधान पावल्या. इति.