बाहेरचा म्हणजे कोण?

भिंतीवर चुन्यानं काढलेली किटली.

धरणाच्या पाण्याकडे तोंड करून मांडलेल्या दोन प्लास्टिकच्या खुर्च्या.

'रूम मिळेल' ही पाटी, पोत्यानं झाकलेली.

पुण्याहून निघालेला टेम्पो, आणि त्यात "अजून किती राह्यलं?" असं सारखं विचारणारी एक म्हातारी.

हे सगळं सहादेवाच्या अंगणात एकत्र आलं ते मतदानाच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला. भंडारदऱ्याला फिरायला येणाऱ्यांना सहादेव घरामागच्या दोन खोल्या भाड्यानं द्यायचा. घर त्यावरच चालायचं. पण उन्हाळ्यात कुणा पर्यटकांनी देवळामागं बाटल्या फोडल्या आणि किटली चिन्हावर सरपंचपदाला उभ्या असलेल्या हनुमंतानं गावाला वचनच दिलं : निवडून आलो की बाहेरच्या माणसाला मुक्काम बंद. सहादेवानं धास्तीनं पाटी आधीच झाकून टाकली होती.

टेम्पोतून उतरला तो हनुमंतच.

"सादेव, लई अडचन झाली. ही आपली, पुन्याला गेलेली मतं. शाळेत झोपवनार हुतो, तर तिथं मशिनी घेऊन सायेब लोक बसल्यात."

"मग त्यांच्या घरी झोपव की."

"घरं कुटं राह्यलीत? पडली कवाच, घानेरीची झुडपं माजलीत तिथं."

"बाहेरच्याला मुक्काम न्हाई म्हनतोस ना तू?"

"आरं, हे बाहेरचे न्हाईत! मतदार हायेत!"

सहादेवाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आपण नाही म्हटलं की टेम्पो माघारी, हनुमंत आपटला, खोल्या वाचल्या. त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात त्याची बायको मनकर्णा चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. अंगणात पिशवी घेऊन उतरलेल्याला आधी चहा, मग विचारपूस, हा तिचा शिरस्ता. आणि चहा पाजलेल्या माणसाला परत टेम्पोत कसं चढवायचं?

"अगं, ही त्याची मतं हायेत!" सहादेव कुजबुजला.

"असू देत. मतांला भूक लागत न्हाई व्हय?"

टेम्पोतली म्हातारी म्हणजे हनुमंताची चुलत आत्या, भागूबाई. खोलीत शिरली आणि फरशीवर थबकली. "हितं गोठा हुता. सादेवा, तुजी आई मला हितंच चोरून खरवस द्यायची." मग कुणाला दावणीची जागा सापडली, कुणाला बैलांची नावं. जेवणं होईपर्यंत आईच्या इतक्या गोष्टी निघाल्या, की सहादेवाला ती नव्यानं भेटली. गोधड्या वाटताना मात्र त्याला आठवलं : आपल्या खोल्या बंद करणाऱ्यांनाच आपण ऊब देतोय.

सकाळी सगळी मंडळी भाकरी खाऊन मतदानाला गेली. हनुमंत निवडून आला. अगदी काठावर.

पहिल्याच ग्रामसभेत तो मुक्कामबंदीचा ठराव मांडायला उठला आणि मोबाईल वाजला. भागूबाईचा आवाज स्पीकर न लावताच शेवटच्या रांगेपर्यंत पोचला.

"सरपंच, दिवाळीला आमी समदी येतोय! नातवंडं, सुना, त्यांच्या मैत्रिनी! गोठ्याची खोली मलाच ठेवाय सांग."

"आत्या, मैत्रिनी बाहेरच्या हायेत."

"आन तू माज्या घरी राहून आयटीआय केलंस, तवा पुन्यात तू कोन हुतास रं?"

सभा खदाखदा हसली. हनुमंतानं घाम पुसला.

"ठरावात दुरुस्ती," तो म्हणाला. "बाटल्या बंद. मानसं चालू."

मतदानाच्या दिवशी मनकर्णानं मत दिलं होतं ते हनुमंतालाच. आपल्याकडं जेवून गेलेली माणसं त्याला ठराव करू देणार नाहीत, हे ती ओळखून होती.