मोघेकाकांचा बावीस मिनिटांचा थांबा

मस्कतच्या अझैबा भागातल्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणारे मोघेकाका जन्मात कधी जर्मनीला गेलेले नाहीत. पण म्युनिकहून बव्हेरियातल्या कुठल्याही राजवाड्याला रेल्वेनं आणि बसनं जाऊन संध्याकाळी परत कसं यायचं, ते त्यांना विचारा. उतरल्यावर डावीकडचा जिना घ्या, उजवीकडे गर्दी होते, इथपर्यंत सांगतील. तुम्ही नाही विचारलंत तरी सांगतील, हा खरा प्रश्न आहे.

मस्कतमध्ये लोक दूध आणायलासुद्धा गाडी काढतात. काकांनी मात्र लायसन्सच काढलं नाही. तीस वर्षं ते एका बांधकाम कंपनीत मजुरांच्या बसगाड्यांची वेळापत्रकं आखत आले. कँपवरून किती वाजता निघायचं, साईटवर किती वाजता टेकायचं, सगळं यांच्या हातात. एखादा ड्रायव्हर 'इन्शाल्ला पोचू' म्हणाला की काकांचं डोकं तडकायचं. देव मोठा आहे, मान्य; पण सव्वासहाची बस सव्वासहालाच सुटली पाहिजे, असं ते त्याला ऐकवायचे. त्यांच्यासमोर इन्शाल्ला म्हणायची आमचीही टाप नव्हती.

त्यांच्या घरात दुसराही एक शब्द वर्ज्य होता. मुग्धा. ही त्यांची एकुलती एक मुलगी. काकू गेल्या, त्यानंतर दोन वर्षांनी म्युनिकला शिकायला गेलेल्या मुग्धानं तिथेच एका जर्मन मुलाशी लग्न ठरवलं. काकांना नुसती पत्रिका आली. काका गेले नाहीत, आणि त्याला आता सहा वर्षं झाली. दोघंही हट्टी, दोघांनीही फोन केला नाही. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती आणि सगळे ती ठाऊक नसल्यासारखं वागत होते. इथून कुणी परदेशी निघालं की आदल्या दिवशी ओळखीचे लोक पार्सलं घेऊन दारात उभे राहतात. हे माझ्या भाच्याला द्या, एवढंसंच आहे, म्हणून तीन किलोचा डबा हातात ठेवतात. काकांनी म्युनिकला जाणाऱ्या कुणाजवळ कधी खजुराची पुडीसुद्धा दिली नाही.

द्यायचे ते फक्त प्लॅन. आमचा व्हिसा आला त्याच संध्याकाळी काका दारात हजर. आम्हाला म्युनिकमध्ये एकच अख्खा दिवस मिळणार होता आणि माझ्या दहा वर्षांच्या लेकीला, ईराला, डोंगरावरचा तो पांढरा राजवाडा बघायचा होता. मी भाड्याची गाडी घेऊ म्हणालो. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांचा चष्मा विकायला काढलाय.

चौथ्या दिवशी प्लॅन आला, दोन्ही बाजूंनी भरलेला, वर लॅमिनेशन. '९.०० च्या आत गाडीत पाऊल टाकू नये, दिवसाचं स्वस्त तिकीट नऊनंतरच चालतं. ९.१४ यल्ला, निघा. १०.०५ दशमी खाणे, चटणी बेताची, पुढे चढ आहे.' आणि मग: 'येथे गाडी बदलणे. बावीस मिनिटे. दुसऱ्या बाकावर बसणे. समोर बघणे.'

"समोर काय बघायचं?" सुजातानं, माझ्या बायकोनं, विचारलं.

काका म्हणाले, "स्टेशन चांगलं आहे."

सुजातानं नंतर सांगितलं की तिसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्ण्यांनाही हाच थांबा दिला होता आणि ते तर भलत्याच दिशेच्या राजवाड्याला गेले होते. परत आल्यावर काकांनी त्यांच्याकडे त्या स्टेशनचे फोटोही मागितले होते. म्हणजे पुण्याहून कोल्हापूरला जाणाऱ्याला गाडी बदलायला नाशिकला पाठवल्यासारखं. म्हातारा भ्रमिष्ट झालाय, असं मी म्हणून गेलो. माझी ट्यूब उशिरा पेटते, हे सुजाता गेली बारा वर्षं सांगत आलीय.

आम्ही गेलो तो रविवार होता. नऊ वाजेपर्यंत आम्ही शिस्तीत फलाटावर ताटकळत उभे राहिलो आणि डोळ्यांदेखत दोन गाड्या सोडल्या. मग त्या लहानशा स्टेशनवर उतरलो, दुसऱ्या बाकावर बसलो. बावीस मिनिटं झाली, पंचवीस झाली, गाडीचा पत्ता नाही. शेवटी एका आजींनी बोर्डावर बोट ठेवून दाखवलं. ती गाडी रविवारी नसते. आणि आमचं तिकीट रविवारी पहाटेपासून चाललं असतं, तो भाग वेगळाच. ओमानात सुट्टी शुक्रवार-शनिवारची आणि रविवारी सगळा देश कामाला लागतो. तीस वर्षं इथे काढलेल्या माणसानं रविवारला कामाचं वेळापत्रक लावलं होतं.

पुढची गाडी तासाभरानं. आम्ही राजवाड्याला पोचलो तेव्हा आत जायची त्या दिवसाची सगळी तिकिटं संपली होती. ईरानं तो खालून बघितला आणि परत येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

परत आल्यावर मी तो लॅमिनेटेड कागद घेऊन तावातावानं खाली गेलो. मागून सुजाता आणि ईरा. माझं बोलणं पुरं होईपर्यंत काका खाली मान घालून ऐकत होते. रविवार, म्हणाले, रविवार विसरलो. एवढंसं तोंड झालं होतं. मलाच कसंसं झालं.

मग त्यांनी हळूच विचारलं, "म्हणजे तासाहून जास्त बसलात त्या बाकावर? समोर पिवळी इमारत आहे ना? दुसऱ्या मजल्यावर गॅलरी?"

पिवळी इमारत होती, मी म्हणालो. गॅलरीत लाल फुलं होती.

"देअर वॉज अ लिटल गर्ल, आजोबा," ईरा म्हणाली. "खाली, सायकलवर. आणि तिची मम्मी मराठी बोलली."

हे मात्र खरं होतं. रुळांपलीकडून कुणीतरी ओरडलं होतं आणि सुजाता ताडकन उठली होती. पण तेवढ्यात आमची गाडी आली आणि आम्ही धावलो.

काका खुर्चीच्या कडेला सरकले. "काय बोलली?"

ईरा मराठी जपून जपून बोलते. आठवून म्हणाली, "पुढे बघ गं, चाकाकडे नको."

काकांनी चष्मा काढला. मग ईराला म्हणाले, "इथे सीबला समुद्राकाठच्या रस्त्यावर मी तिच्या आईला शिकवली सायकल. असाच ओरडायचो." आणि तळव्यानं जमिनीपासूनची उंची दाखवत विचारलं, "केवढी होती गं ती? एवढी?"

ईरानं त्यांचा हात धरून थोडा वर केला.

माझी ट्यूब तेव्हा पेटली. सहा वर्षं हा माणूस लग्नपत्रिकेवरच्या मुग्धाच्या पत्त्यासमोर लोकांना बावीस बावीस मिनिटं बसवत होता आणि आल्यावर फोटो दाखवा म्हणत होता. मी त्याला भ्रमिष्ट म्हणालो होतो. मला माझीच लाज वाटली.

"समीर," काका चष्मा पुसत म्हणाले, "मला रविवारचं वेळापत्रक काढून दे. तिला सुट्टी रविवारीच असणार. माझा आता माझ्यावर भरवसा नाही."

मी तिथेच फोन काढला. म्युनिकहून त्या स्टेशनला जाणारी गाडी दहा पाचची होती, मधे कुठे बदलायची नाही. त्यांनी वहीत लिहून घेतली. पुढे स्वतःच लिहिलं, चालत चार मिनिटे.

"आणि परतीची?" मी विचारलं.

काकांनी पेनाला टोपण लावलं.

"परतीचं बघू," ते म्हणाले. "इन्शाल्ला."