पोहण्याचा ऑनलाइन वर्ग

एका जंगलात, बाळांनो, चक्क एक विद्यापीठ होतं. हसू नका. माणसांत चालतं, तर जंगलात का नाही चालणार?

तिथे पाणमांजरबाई पोहणं शिकवायच्या. पद्धत जुनी. पिल्लाला नदीत उतरवायचं, पोटाखाली पंजा धरायचा आणि त्याला कळू न देता हळूच काढून घ्यायचा. नदीला कधीही पूर यायचा, म्हणून पिल्लांना पोहता यायलाच हवं होतं.

एके दिवशी कुलगुरू गवेसाहेबांचं परिपत्रक आलं. 'ऑनलाइन शिकवायला आपण तयार आहात का?' खाली दोनच चौकोन होते. 'तयार आहे' आणि 'आनंदाने तयार आहे'.

बगळेसरांनी आनंदाच्या चौकोनात खूण केली. वीस वर्षं एका पायावर उभं राहून एकाच वहीतून वाचून दाखवणारा प्राणी तो! घरून वाचायला त्याचं काय जात होतं?

बाईंनी मात्र खाली तिसरा चौकोन आखला. 'तयार नाही.'

साहेबांनी बोलावून घेतलं. "अहो बाई, जग कुठे चाललंय!"

"चालू द्या. पण साहेब, पाणी कुठंय?"

"फोटो आहेत की पाण्याचे! बगळेसरांनी चाळीस काढलेत."

"फोटोत पोरांची भीती कशी जाणार?"

"तुमची मानसिकताच नकारात्मक आहे," साहेब म्हणाले आणि वर्ग बगळ्याला देऊन मोकळे झाले.

सगळी पिल्लं घरबसल्या शंभरपैकी शंभर मिळवून पास झाली. बगळ्याला शाल मिळाली, नारळ मिळाला. लाज कुणालाच वाटली नाही.

पदवीदान नदीकाठी होतं. ऐन भाषणात वरून लोंढा आला आणि पिल्लं पदव्यांसकट पाण्यात गेली.

"सर, आता काय करू?" अस्वलाचं पिल्लू गटांगळ्या खात ओरडलं.

बगळेसर केव्हाच फांदीवर पोचले होते. "प्रश्न तासाच्या शेवटी!" ते म्हणाले.

पाणमांजरबाईंनी धाडकन उडी घेतली. एकेकाच्या पोटाखाली पंजा घालून त्यांनी सगळ्यांना काठाला आणलं. शेवटचं पिल्लू खोकलं, रडलं, तेव्हा कुठे बाईंचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी त्यांना नोटीस आली. 'पूर्वपरवानगीशिवाय प्रत्यक्ष अध्यापन केल्याबद्दल तीन दिवसांत लेखी खुलासा करावा.'

तात्पर्य: बाळांनो, पाण्यात कधी उतरू नका. काठावर आनंदाने तयार उभे राहा. शाल तिथेच मिळते.