अप्पांचा आक्षेप

मन्मथअप्पांना 'कोणताही एक आकडा सांगा' असं कधी म्हणू नये. गणेशमंडळाच्या सोडतीला आम्ही त्यांच्या हाती चिठ्ठ्यांचा डबा दिला, तर त्यांनी तो इतका वेळ हलवला की निम्मे लोक प्रसाद खाऊन घरी गेले. वर मलाच म्हणाले, "सहज आकडा काढणं लई अवघड काम हाय, सर."

अप्पा अंबाजोगाईत माझे शेजारी. मी कॉलेजात मराठी शिकवतो, ते तिथूनच कॉम्प्युटर शिकवून निवृत्त झाले. जगभरातले लोक मिळून एक ऑपरेटिंग सिस्टीम बनवतात आणि फुकट वाटतात. तिच्यात अंदाज बांधता न येणारे आकडे पाडणारा भाग असतो. तो तपासणं हे अप्पांचं व्यसन. पासवर्डापासून बँकेपर्यंत सगळी कुलपं याच आकड्यांवर चालतात म्हणे.

"मशीन इकडची तिकडची गडबड गोळा करून साठा करतंय," त्यांनी मला समजावलं. "हॅश फंक्शन ती अशी दळतंय, की पिठावरून दाणे वळखू येत न्हाईत."

जुनं हॅश कमजोर ठरलं, म्हणून परदेशातल्या एका प्रोग्रामरने नवं, वेगवान सुचवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. अप्पा अडले.

"हॅश भारी हाय. पण जो आकडा बाहेर दिला, तोच परत साठ्यात मुरवलाय! बाहेरचं बघून आतलं कळतंय की."

इतकी वर्षं असंच चालत आलंय, असं त्या प्रोग्रामरचं उत्तर आलं. अप्पा स्क्रीनवर ओरडले, "कावून चालत आलंय ते सांग ना बे!" आणि इंग्रजीत टाइप केलं, 'आदरणीय महोदय, कृपया कारण कळवावे.'

मग रोज वाद. वीज गेली की अप्पा लॅपटॉप घेऊन माझ्या घरी, कारण इन्व्हर्टर माझ्याकडे. भाच्याच्या लग्नात अक्षता पडत होत्या, तेव्हा हे मांडवामागे उत्तर लिहीत होते. शेवटी त्यांनी एक छोटा प्रोग्रामच लिहून पाठवला. बाहेर आलेला एक आकडा त्याला द्यायचा, पुढचा तो आधीच सांगायचा. त्या प्रोग्रामरने तो चालवून पाहिला आणि चूक कबूल केली. बाहेर द्यायचा आकडा वेगळा, आत मुरवायचा वेगळा, अशी दुरुस्ती झाली. तिच्याखाली तपासणारा म्हणून अप्पांचं नाव लागलं.

मी पेढे घेऊन गेलो. अप्पांनी चहा दिला आणि पेढ्यांचा पुडा तसाच बाजूला ठेवला.

"जिंकलात की, अप्पा!"

"हं. धन्यवाद म्हणाला अन् गेला." लॅपटॉप मिटत म्हणाले, "सकाळी उठलं की त्याचं उत्तर आलेलं असायचं. आमची ही गेल्यापासून माझं म्हणणं खोडायला घरात कोण हाय, सर?"

मी चहाचा घोट घेतला. चहा अगदी हवा तेवढाच गोड होता.

"अप्पा, साखर जास्त पडलीय."

"न्हाई! बरोबर हाय."

"जास्त आहे."

अप्पा ताडकन उठले, दोन्ही कप उचलले आणि स्वयंपाकघराकडे निघाले. "बसा. दुसरा करून आणतो. मग बोला."